नव्या कॉलेजात परंपरा येतात कुठून?

कागदफूल

जुन्या विद्यापीठांच्या परंपरांबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. जुन्या पद्धतीचे झगे, लॅटिनमधल्या प्रार्थना, परीक्षेला जाताना पुतळ्याच्या बुटाला हात लावणं. मला कुतूहल आहे ते नव्या कॉलेजांचं. इमारतीचं काम अजून चालू आहे, विचारायला सीनियर नाहीत, नाव सांगितलं की समोरचा 'हे कुठे आलं?' म्हणतो. अशा ठिकाणी पहिली परंपरा सुरू कशी होते? आणि थोड्याच वर्षांत तिच्याभोवती दंतकथा कशा जमतात?

हिशोब मांडून बघा. चार वर्षांचा अभ्यासक्रम धरू. पहिल्या बॅचने पहिल्याच वर्षी काहीतरी सुरू केलं. चौथ्या वर्षाअखेर ती बॅच बाहेर पडली. पाचव्या वर्षी कॅम्पसवर सुरुवात डोळ्यांनी पाहिलेला एकही विद्यार्थी नाही. आठव्या वर्षी तर सुरुवात पाहिलेल्यांना भेटलेलाही कुणी उरत नाही. प्राध्यापक असतात, कर्मचारी असतात, पण रात्री हॉस्टेलवर काय ठरलं हे त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतं. एखादी गोष्ट 'पहिल्यापासूनची' व्हायला शंभर वर्षं लागत नाहीत, आठ पुरतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसचं. तिथे पदवीचे पहिले विद्यार्थी १९६४ मध्ये आले. १९६५ मध्ये भौतिकशास्त्राच्या परीक्षेत कलिंगड उंचावरून सोडलं तर किती वेगाने आदळेल असा प्रश्न होता. त्यातून मुलांनी यूरी हॉल या सात मजली इमारतीवरून खरंच कलिंगड टाकून पाहिलं. ही प्रथा पुढे चालू राहिली. कलिंगड टाकायचं आणि सगळ्यात लांब उडालेला तुकडा कुठवर गेला ते मोजायचं. कॉलेजचं वय जेमतेम एक वर्ष, सांगायला वडीलधारं कुणी नाही, तरी परंपरा सुरू झाली आणि टिकली.

ती का टिकली असावी? मला वाटतं, तिच्यात नवीन आलेल्याला करायला काम आहे. कुणी कलिंगड आणतं, कुणी टेप धरतं, कुणी साफसफाई करतं. आणि आकडा आधी माहीत नसतो. दर वर्षी खरोखर काहीतरी घडतं, आधीच्या वर्षीची नक्कल होत नाही.

तुम्ही नव्या कॉलेजात शिकला असाल, शिकवत असाल, किंवा अशा गोष्टी गोळा करत असाल तर लिहा. परंपरा, दंतकथा, अफवा सगळं चालेल. फक्त गोष्ट खरी की ऐकीव तेवढं स्पष्ट करा.

---

लंबक

धागा आवडला. आधी कलिंगडाचं गणित. सात मजले म्हणजे साधारण २५ मीटर धरू. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर जमिनीवर पोचताना वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास येतो. एवढ्या उंचीवर एवढ्या जड फळाला हवा फार अडवत नाही, त्यामुळे वहीतलं उत्तर आणि प्रत्यक्ष वेग जवळजवळ जुळतात. ज्याने हा प्रश्न काढला त्या शिक्षकाचं मला कौतुक वाटतं.

आता दंतकथेबद्दल. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे आणि एक गोष्ट मला कॉलेजमागून कॉलेज ऐकायला मिळाली आहे: 'आपलं ग्रंथालय दर वर्षी थोडं थोडं खचतंय, कारण डिझाइन करणारा पुस्तकांचं वजन धरायला विसरला.' कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात डेना पोर्टर ग्रंथालयाबद्दल हीच गोष्ट सांगतात. ते विद्यापीठ १९५७ चं, म्हणजे या धाग्यात बसण्याइतकं तरुण. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातही हीच कथा आहे. नाव बदलतं, मजकूर तोच.

विसरणं जवळपास अशक्य का, ते सांगतो. मजल्यावर किती भार धरायचा हे इमारतीच्या वापरावरून ठरतं आणि प्रत्येक वापराचा आकडा बांधकाम नियमांच्या संहितेत छापलेला असतो. अमेरिकी संहितेत वर्गखोलीला चौरस मीटरला साधारण १९५ किलो, ग्रंथालयातल्या वाचनकक्षाला २९० च्या आसपास, आणि पुस्तकांच्या मांडण्या असलेल्या भागाला तब्बल ७३० किलो. म्हणजे 'ग्रंथालय' हा शब्द नकाशावर लिहिला की पुस्तकांचं वजन हिशोबात आलंच. थोडं बसणं प्रत्येक इमारतीचं होतं, पहिल्या काही वर्षांत जास्त. पायरीशी बारीक भेग दिसली की मुलं त्या भेगेला गोष्ट चिकटवतात.

गोष्ट खोटी असली तरी ती सांगण्यामागे जे असतं ते मला समजतं. नव्या कॉलेजात अर्ध्या मांडण्या रिकाम्या असतात. नवीन मुलगा विचारतो, 'एवढ्या जागेत पुस्तकं का नाहीत?' बजेट, खरेदी समिती हे खरं उत्तर रुक्ष आहे. 'ठेवली तर इमारत खचेल' हे उत्तर त्याच्या आयुष्यभर लक्षात राहतं.

---

पारिजातक

वाचनखूण साठवली. लंबक, वर्गखोली आणि ग्रंथालयाच्या आकड्यांमधला फरक पाहून चकित झाले. आमच्याकडेही हीच कथा होती आणि आम्ही ती पूर्ण श्रद्धेने पुढच्या बॅचला दिली.

---

शिंपला

लंबक यांनी वजनाने तपासलं, मी तारखेने तपासते. कॉलेजच्या दंतकथांना तारीख ही फार चांगली कसोटी आहे.

साठच्या दशकात उघडलेल्या अनेक कॅम्पसवर सांगतात की रस्ते वाकडेतिकडे आणि इमारती विखुरलेल्या आहेत, कारण विद्यार्थ्यांनी एकत्र जमून आंदोलन करू नये म्हणून मुद्दाम तशी रचना केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ कॅम्पसबद्दल ही गोष्ट पक्की रुजली आहे. तो कॅम्पस १९६५ मध्ये उघडला. पण त्याचा आराखडा १९६३ चा, आणि त्याच विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवरचं, ज्याने विद्यापीठांना घाम फुटला ते अभिव्यक्तीस्वातंत्र्याचं आंदोलन १९६४ च्या शरदात सुरू झालं. आराखडा आधी, आंदोलन नंतर. इमारती विखुरल्या त्याला साधं कारण आहे: रेडवूडच्या जंगलात, उंचसखल जमिनीवर, छोट्या छोट्या निवासी कॉलेजांचा समूह अशीच कल्पना मुळात होती.

तरीही ही कथा मरत नाही, आणि मरू नये असंही मला कुठेतरी वाटतं. तिच्यात विद्यार्थ्यांनी स्वतःला दिलेलं महत्त्व आहे: 'आपण एकत्र आलो तर त्यांना भीती वाटते.' नव्या जागी आलेल्या, एकेकट्या मुलांना हे वाटणं मोठा आधार असतो.

सांता क्रूझचीच एक खरी गोष्ट तर दंतकथेहून सरस आहे. तिथल्या जंगलात केळ्यासारखी पिवळी, बिनशंखाची गोगलगाय असते, 'बनाना स्लग'. मुलांनी सुरुवातीपासून तिला आपलं चिन्ह मानलं होतं. ऐंशीच्या दशकात खेळांच्या स्पर्धांत उतरायचं ठरल्यावर कुलपतींनी जरा रुबाबदार म्हणून सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, निवडला. मुलं मैदानावर गोगलगायीच्याच नावाने ओरडत राहिली. शेवटी १९८६ मध्ये मतदान झालं, गोगलगायीला प्रचंड मतं पडली आणि प्रशासनाने तिला अधिकृत केलं. संथ, मऊ, हाडं नसलेला प्राणी क्रीडासंघाचं चिन्ह! स्पर्धेचं फार स्तोम न माजवण्याची त्या कॉलेजची जी वृत्ती होती, ती मुलांनी बरोबर पकडली होती.

---

कागदफूल

शिंपला, प्रतिसाद फार आवडला. याच्या जोडीला कॅलिफोर्निया विद्यापीठाचाच अर्व्हाइन कॅम्पस. तोही १९६५ चाच. पहिल्याच सत्रात चिन्हासाठी मतदान झालं आणि मुंगीखाऊ जिंकला. वॉटरपोलो खेळणाऱ्या काही मुलांनी त्याचा प्रचार केला होता. 'झॉट' हा त्यांचा जयघोष त्या काळच्या एका वर्तमानपत्री चित्रमालिकेतल्या मुंगीखाऊकडून आलेला. आज तिथे ज्येष्ठ प्राध्यापकसुद्धा हात वर करून 'झॉट' म्हणतात. पहिल्या सत्रातल्या मुलांच्या हाती केवढी ताकद असते पाहा. त्यांना बहुधा त्याची कल्पनाही नसते.

---

उंबरठा

फिरत्या दंतकथांबद्दल थोडं. काही कथा कुठल्याच एका कॉलेजच्या नसतात. नवं कॉलेज उघडलं की आधी त्या येऊन राहतात, मग मुलं येतात. 'प्राध्यापक पंधरा मिनिटं आले नाहीत तर वर्ग सोडून जायला परवानगी आहे.' 'रूममेटचा मृत्यू झाला तर त्या सत्रात पूर्ण गुण मिळतात.' असा लेखी नियम मला एकाही नियमपुस्तिकेत सापडलेला नाही. दुसरी अफवा ऐकायला विचित्र वाटते, पण परीक्षेच्या दडपणाखालची मुलं किती टोकाचा विचार करतात ते तिच्यातून दिसतं. शिक्षकांनी ती हसण्यावारी नेऊ नये.

याउलट एक कथा अगदी खरी आहे. वर्गात उशिरा पोचलेल्या विद्यार्थ्याने फळ्यावरचे दोन प्रश्न गृहपाठ समजून उतरवून घेतले आणि सोडवून दिले. नंतर कळलं की ते संख्याशास्त्रातले तोवर न सुटलेले प्रश्न होते. हा विद्यार्थी जॉर्ज डँट्झिग, शिक्षक येर्झी नेमन, स्थळ बर्कली, वर्ष १९३९. प्रश्न नेहमीपेक्षा जरा अवघड वाटले, उशीर झाला म्हणून त्याने क्षमाही मागितली होती. पुढे हा प्रसंग एका धर्मोपदेशकाच्या प्रवचनात गेला आणि तिथून गावोगाव पसरला. पसरताना गृहपाठाची अंतिम परीक्षा झाली, डँट्झिगचं नाव गळलं, आणि विद्यार्थी 'आपल्याच कॉलेजचा' झाला. नवं कॉलेज जुनी कथा अशी दत्तक घेतं. त्यात मला वावगं वाटत नाही. ज्यांच्याकडे स्वतःचे पूर्वज नाहीत त्यांनी कुणाचे तरी घ्यायचेच.

---

लंबक

उंबरठा, दत्तक घेणं ठीक, पण काही नव्या कॉलेजांनी थेट शेजाऱ्याचीच परंपरा उचलून नेली आहे! कॅलिफोर्नियातलं हार्वे मड कॉलेज १९५५ मध्ये स्थापन झालं, वर्ग १९५७ पासून. जवळच कॅलटेक, मोठं आणि नावाजलेलं. कॅलटेकच्या फ्लेमिंग हाउस या वसतिगृहाकडे एक शतकभर जुनी, दीड टनांहून जड तोफ आहे, विशेष प्रसंगी ती उडवतात. १९८६ मध्ये हार्वे मडच्या मुलांनी कामगारांचं सोंग घेऊन ती तोफ पळवली. नंतर परत दिली. बरोबर २० वर्षांनी, २००६ मध्ये, एमआयटीच्या मुलांनी खोट्या वाहतूक कंपनीच्या कागदपत्रांवर तीच तोफ देशाच्या दुसऱ्या टोकाला नेली. जेमतेम तिशीतल्या कॉलेजने जी वाट पाडली तिच्यावरून एमआयटी गेली. नव्या कॉलेजच्या मुलांसाठी याहून मोठी पावती कुठली?

---

ओलीसुकी

सगळं वाचते आहे आणि आनंदही होतो आहे, पण एक बाजू राहिली आहे. 'परंपरा' म्हणून रॅगिंगही पुढे दिलं जातं. नव्या कॉलेजात तर मला ते जास्त टोचतं, कारण पहिल्या बॅचला कुणीच छळलेलं नसतं. दुसऱ्या बॅचला छळायची पद्धत तिथे कुणीतरी बाहेरून, ऐकून, पाहून आणलेली असते. आणि कागदफूल यांच्याच हिशोबाने आठव्या वर्षी ती 'पहिल्यापासूनची' होते. मग तक्रार करणाऱ्याला ऐकवतात, 'आम्हीही सोसलं.' एखाद्या प्रथेत नवीन आलेल्याला नाही म्हणायची मोकळीक नसेल, तर ती बंद करायला एवढं एकच कारण पुरे.

दुसरी गोष्ट धोक्याची. टेक्सास ए अँड एम विद्यापीठ जुनं आहे, पण नव्यांनी तिथून शिकावं. मोठ्या सामन्याआधी ओंडके रचून प्रचंड शेकोटी करायची प्रथा तिथे सुमारे ९० वर्षं चालली. रचायची पद्धत एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे तोंडी जायची, लेखी आराखडा नव्हता. वर्षांगणिक रचनेत लहानसहान बदल झाले. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे रचाई कोसळली आणि १२ जण गेले. चौकशीत दिसलं की ओंडक्यांच्या आत दाब वाढत गेला आणि त्यांना बाहेरून धरून ठेवणारी बांधणी अपुरी पडली. एखाद्या वर्षी कुणी मोठी चूक केली असं झालं नाही. प्रत्येक बॅचला वाटलं आपण आधीच्यांसारखंच करतोय.

---

तिसरी_घंटा

नमस्कार. मी एका नव्या कॉलेजच्या चौथ्या बॅचमध्ये आहे. पहिली बॅच यंदा बाहेर पडेल. ओलीसुकी ताईंचा प्रतिसाद वाचून मी मित्रांना दाखवला.

आमच्याकडे अजून दोनच गोष्टी आहेत. एक, सत्र संपलं की शेवटच्या पेपरनंतर सगळे मुख्य जिन्यावर बसतात आणि प्रत्येक जण या सत्रात आपण काय शिकलो नाही ते सांगतो. दुसरी, प्रयोगशाळेतलं एक घड्याळ कायम मागे पडतं आणि ते दुरुस्त करायचं नाही असा नियम आहे. जिन्याची गोष्ट कुणी सुरू केली हे माहीत आहे, ती ताई अजून कॅम्पसवर आहे. घड्याळाच्या मात्र आत्ताच तीन वेगवेगळ्या कथा झाल्या आहेत. माझा प्रश्न असा की खरं काय ते लिहून ठेवावं का? काही मित्र म्हणतात, लिहिलं की मजा गेली.

---

शिंपला

लिहाच. ती ताई आहे तोवर तिच्याकडूनच लिहून घ्या.

मजा जाईल ही भीती मला खरी वाटत नाही. याला एमआयटीजवळच्या हार्वर्ड पुलाचं उदाहरण आहे. १९५८ मध्ये तिथल्या एका फ्रॅटर्निटीतल्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाजगी मंडळातल्या, मुलांनी ऑलिव्हर स्मूट या नव्या सदस्याला पुलावर पुन्हा पुन्हा आडवं करून पूल मोजला. स्मूटची उंची ५ फूट ७ इंच. पूल भरला ३६४.४ स्मूट आणि वर एक कान. कुणी, कधी, कसं, सगळं उजेडात आहे. तरी मंडळाचे नवे सदस्य त्या खुणा रंगवत आले आहेत. ऐंशीच्या दशकात पूल नव्याने बांधला तेव्हा खुणा तर राखल्याच, पदपथाच्या फरशांचे जोडही एकेका स्मूटवर घेतले. आणि हाच स्मूट पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा आणि नंतर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा अध्यक्ष झाला. असं कुणी रचून सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

---

ओलीसुकी

शिंपला यांच्याशी सहमत, एक भर. घड्याळाच्या तिन्ही कथासुद्धा लिहा, पण 'कथा' म्हणूनच. कुठली कुठल्या वर्षी ऐकली तेही. पुढे कुणाला अभ्यास करायचा झाला तर कथा कशी बदलली हे तिच्या मूळ कारणाइतकंच मोलाचं असतं.

---

कागदफूल

तिसरी_घंटा, तुमचा जिना मला फार आवडला. काय शिकलो नाही ते सगळ्यांसमोर सांगायला धैर्य लागतं. तुमच्या पहिल्या बॅचने फार चांगलं काहीतरी मागे ठेवलं आहे. त्यात सक्ती कधी येऊ देऊ नका. ज्याला नुसतं बसून ऐकायचंय त्याला बसू द्या.

तुम्हाला उपयोगी पडेल असं एक कॉलेज सांगते: अमेरिकेतलं ओलिन, अभियांत्रिकीचं. नियमित वर्ग २००२ मध्ये सुरू झाले, पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी १५ मुलं आणि १५ मुली अशा ३० जणांना 'भागीदार' म्हणून बोलावलं. वर्षभर त्यांनी प्राध्यापकांबरोबर बसून अभ्यासक्रमाचे प्रयोग केले आणि कॉलेज कसं चालावं यावर चर्चा केली. पहिल्या बॅचच्या हाती असलेली ताकद तिथे योगायोगावर सोडली नाही, मुलांच्या हाती विश्वासाने सोपवली. तुमच्याकडे तसं झालं नसेल, पण तुमची बॅच पहिल्या बॅचला भेटलेली शेवटची आहे. पुढच्या वर्षी येणारी मुलं त्यांना कॅम्पसवर बघणार नाहीत. हे काम यंदाच व्हायला हवं.

---

तिसरी_घंटा

धन्यवाद सगळ्यांना. ताईशी बोललो, ती तयार आहे. कुणी सुरू केलं, कधी, का, नंतर कुणी काय बदललं, आणि कुणाला नको असेल तर काय करायचं, एवढं प्रत्येक गोष्टीसाठी लिहू. घड्याळासाठी प्रयोगशाळा सहायक काकांनाही विचारणार आहोत, ते पहिल्या दिवसापासून आहेत. वही कुठे ठेवावी? विद्यार्थी मंडळाकडे की ग्रंथालयाकडे?

---

लंबक

ग्रंथालयाकडे. विद्यार्थी मंडळ दर वर्षी बदलतं, खोली बदलते, कपाटाची किल्ली हरवते. ग्रंथपालांना नोंदणी क्रमांक द्यायला सांगा, म्हणजे वही संग्रहाचा भाग होईल. एक प्रत स्कॅन करून ठेवा. काकांना आधी विचारा, ताईंची परीक्षा जवळ आली असेल.